पुस्तक आधी की वाचक आधी? मराठी विज्ञानकथेचा सव्वाशे वर्षांचा हिशोब

कानात इअरफोन, हातात फोन, आणि बहुतेक गाडी लेट. बरोबर ना? आजचा भाग जंक्शनवर बसून ऐकायला एकदम बरा आहे. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी सगळा मजकूर इथे लिहून देतोय.

या भागाला कारण झालाय आपल्याच मुदखेडचा एक श्रोता. त्याचा मेसेज असा: "दादा, मी तीन भागांची सायन्स फिक्शन लिहायलोय. पहिला भाग झालाय. कोणी प्रकाशक उत्तर देईना. स्वतःच छापावं म्हणतो. तिन्ही भागांच्या हजार-हजार प्रती छापल्या तर रेट चांगला पडायलाय. साठवलेले पैसे आहेत, थोडे उसने घेईन. करू का?"

मी त्याला लगेच हो-नाही काहीच सांगितलं नाही. म्हटलं, हा प्रश्न तू पहिल्यांदा विचारत नाहीयेस. आपल्या भाषेत लोकांनी याची उत्तरं शोधून ठेवलीत. ती आधी बघू.

चंद्रावरची पहिली मराठी ट्रिप

मराठीत विज्ञानकथा आली ती जाड पुस्तक होऊन नाही. ती मासिकातून, तुकड्या-तुकड्यांत आली. 'केरळकोकिळ' नावाचं एक मासिक होतं. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी ते १८८६ मध्ये सुरू केलं, आणि कुठे? पुण्या-मुंबईत नाही, थेट कोचीनला! या मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचं मराठी रूप क्रमशः येऊ लागलं. आपल्या भागातून हैदराबाद–मनमाड रेल्वे धावायला लागली, तोच हा काळ. इथल्या लोकांना आगगाडी नवी होती आणि तिकडे मराठी वाचक चंद्रावर निघाला होता.

यात धंद्याच्या अंगाने काय झालं ते बघा. वाचक मासिकाचा वर्गणीदार होता, त्याचे पैसे आधीच आलेले होते. गोष्ट आवडली तर तो पुढच्या अंकाची वाट बघणार. म्हणजे छपाईचा खर्च आणि वाचकाची उत्सुकता या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत बसल्या होत्या. पुढे श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' आली. तिला अनेक जण मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा मानतात. तीही कथाच होती, लांबलचक मालिका नव्हे.

२३ खंड आणि एक हट्टी माणूस

आता तुम्ही म्हणाल, मालिका स्वतः छापून विकल्याचं उदाहरण कुठाय? आहे की. फक्त ते कथेचं नाही, ज्ञानकोशाचं आहे.

श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. करून आलेले. मराठीत स्वतःचा ज्ञानकोश पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कोणी प्रकाशक एवढं मोठं धाडस करणार नव्हता, म्हणून त्यांनी नागपूरला ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनीच काढली. शेअर विकले, आगाऊ वर्गणीदार गोळा केले, गावोगाव फिरले. नंतर काम पुण्याला नेलं. १९२० च्या दशकात या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे एकूण २३ भाग निघाले.

त्यांच्या प्लॅनिंगमधली एक गोष्ट मला फार आवडते. 'अ' पासून सुरू होणारे खंड त्यांनी पहिल्यांदा काढले नाहीत. आधी पाच प्रस्तावनाखंड काढले, आणि प्रत्येकाला स्वतःचा विषय होता. एक वेदविद्येवर, एक बुद्धपूर्व जगावर, पाचवा तर चक्क विज्ञानाच्या इतिहासावर. म्हणजे पुढचे खंड येवोत न येवोत, हातातलं पुस्तक वाचकाला पुरं वाटणार.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हिशोब, वर्गणी, छापखाना, फिरती यात केतकरांची उमेदीची वर्षं गेली. १९३७ मध्ये ते वारले, आणि शेवटचा काळ पैशाच्या ओढाताणीतच गेला. काम अजरामर झालं. घर मात्र त्यावर चाललं नाही. मालिका स्वतः काढायला निघालेल्या प्रत्येकाने हे दोन्ही लक्षात ठेवावं.

वाचक हीरोच्या मागे जातो

बाबूराव अर्नाळकरांचं नाव तुमच्या आजोबांना विचारा. हजाराच्या वर रहस्यकथा! झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे हीरो. पुस्तक छोटं, एका बैठकीत संपणारं, आणि प्रत्येक गोष्ट स्वतंत्र. मधलीच कुठली हाती आली तरी अडत नाही. एक आवडली की वाचक त्याच हीरोची दुसरी मागतो.

भा. रा. भागवतांनी हेच मुलांसाठी केलं. एकीकडे व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, 'बालमित्र' मासिक चालवलं, आणि दुसरीकडे फास्टर फेणे उभा केला. हा बन्या फेणे कुठला? फुरसुंगीचा! भागवतांनी गावाचं नाव लपवलं नाही, उलट तीच त्याची ओळख झाली. म्हणून त्या श्रोत्याला मी म्हटलं, तुझा नायक न्यूयॉर्कचा कशाला पाहिजे? मोगऱ्याच्या मळ्यात वाढलेला, पहाटे फुलांच्या करंड्या गाडीत चढवणारा पोरगा अंतराळात गेला तर काय बिघडतं?

टोपणनावाने घेतलेली परीक्षा

१९७४. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा. नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! नावाची आद्याक्षरं उलटी करून बघा, ज. वि. ना. चं ना. वि. ज. होतं. अक्षर कोणी ओळखू नये म्हणून कथा उतरवून काढली मंगलाताई नारळीकरांनी.

जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ हे का करतो? कारण त्यांना नावाला नाही, गोष्टीला मिळणारा कौल बघायचा होता. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेची दखल घेतली. मासिकांतून मागणी आली. आणि 'यक्षांची देणगी' हा पहिला संग्रह कधी आला? १९७९ मध्ये. मध्ये पाच वर्षं. नारळीकरांसारख्या माणसालाही पुस्तकाआधी पाच वर्षं सुट्या कथांमधून वाचक भेटला. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या खुर्चीपर्यंतचा रस्ता एका स्पर्धेतल्या कथेपासून सुरू झाला होता.

त्याच १९७४ मध्ये मुंबईत 'ग्रंथाली' सुरू झाली. तिने स्वतःला वाचक चळवळ म्हटलं. सभासद करा, त्यांना सवलतीत पुस्तक द्या, पुस्तकं घेऊन गावोगाव जा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये तिथूनच आलं.

आणि तिकडे अमेरिकेत

अँडी वीअर नावाच्या प्रोग्रॅमरने २००९ पासून 'द मार्शियन' स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करून फुकट टाकली. वाचक चुका काढायचे, तो दुरुस्त करायचा. लोक म्हणाले, किंडलवर दे. २०११ मध्ये त्याने ती ९९ सेंटला लावली आणि तीन महिन्यांत सुमारे ३५ हजार प्रती गेल्या. प्रकाशक आणि सिनेमा त्यानंतर आले.

त्याच वर्षी ह्यू हाउईने 'वूल' ही एक सुटी लांब कथा टाकली. मालिकेचा विचारही नव्हता. वाचक मागे लागले म्हणून त्याने पुढचे भाग लिहिले. नंतर मोठा प्रकाशक आला तेव्हा त्याने फक्त छापील हक्क दिले, ई-बुकचे स्वतःकडे ठेवले.

केरळकोकिळ आणि वीअर यांच्यात शंभरेक वर्षांचं अंतर आहे, पण क्रम तोच. आधी तुकडा, मग वाचक, मग पुस्तक.

मग मुदखेडच्या पोराने काय करावं?

साधा हिशोब करू. आकडे समजायला घेतलेत, तुमच्या छापखान्याचा रेट वेगळा असेल. समजा पुस्तक २०० रुपयांचं, ५०० प्रती, छपाई प्रत्येकी ९० रुपये. म्हणजे ४५ हजार. दुकानदाराला ४० टक्के कमिशन दिलं तर हातात १२० येतात. म्हणजे खर्च निघायलाच ३७५ प्रती विकाव्या लागतील. तेच तुम्ही स्वतः १६० ला सवलतीत विकलं, तर २८२ प्रतींत खर्च निघतो (टपालखर्च वेगळा). आता याला तिप्पट करा आणि प्रती हजार करा. पहिला भाग पडला तर उरलेले दोन भाग गठ्ठे होऊन घरात बसणार, आणि उसने पैसे मात्र वेळेवर मागितले जाणार.

म्हणून मी त्याला जे सांगितलं ते असं:

१. तिन्ही भागांचा आराखडा कागदावर पक्का कर. कोण, कुठे, शेवट काय. पण छाप एकच भाग, आणि तो एकटाही पुरा वाटला पाहिजे.

२. त्याच जगातल्या दोन-तीन सुट्या कथा लिही. एक मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला, एक दिवाळी अंकाला पाठव. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा घालून दिली. नवा लेखक वाचकापर्यंत जायला आजही तो चांगला रस्ता आहे. एक कथा ऑडिओ करून फोनवर फुकट दे.

३. प्रकाशनपूर्व सवलत जाहीर कर. दीडशे लोकांनी पैसे भरल्याशिवाय छापखान्यात जायचं नाही. नाही भरले तर ज्यांनी भरले त्यांचे परत द्यायचे. तोपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही.

४. आयएसबीएन फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नकोस. छापल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना प्रत पाठव.

५. "तुमचं पुस्तक आम्ही काढतो, एवढे भरा" म्हणणारे भेटतील. सही करण्याआधी बघ, हक्क कोणाकडे राहतात आणि न विकलेल्या प्रती कोणाच्या.

त्याने ऐकून विचारलं, "दादा, यात तर दोन वर्षं जातील."

जातील. पण त्या दोन वर्षांत तू लिहीतच असशील ना? आणि तिसरा भाग येईल तेव्हा तो मागणारं कोणीतरी असेल. सध्या त्याने एक सुटी कथा पाठवलीय. मी वाचली. पहाटेच्या पॅसेंजरमध्ये फुलांच्या करंडीखाली काहीतरी चमकतं, इथपर्यंत सांगतो, पुढचं नाही. त्याच्या परवानगीने पुढच्या भागात ती वाचून दाखवेन. आवडली तर त्याला कळवा, नाही आवडली तर का ते नक्की कळवा. त्याला सध्या त्याचीच जास्त गरज आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. गाडी आली असेल तर पळा!