चार दिवस, तेरा तास आणि पुढचे आठवडे

२९ नोव्हेंबर १९४७. हैदराबाद संस्थानाचा निजाम आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार होतो. मुदत एक वर्ष. पाठोपाठ सिकंदराबादेतली भारतीय फौज माघारी निघते. हिंगोली तेव्हा संस्थानाच्या परभणी जिल्ह्यातला तालुका आहे. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे भारत.

जानेवारी १९४८. कन्हैयालाल मुन्शी भारताचे एजंट जनरल म्हणून हैदराबादला येतात. शांततेची बोलणी राजधानीत चालतात. खेड्यांत मात्र लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याचे रझाकार, म्हणजे निजामाच्या सत्तेसाठी उभे राहिलेले हत्यारबंद स्वयंसेवक, यांचा अंमल वाढतो. मराठवाड्यातली कुटुंबे बैलगाड्या जुंपून हद्दीपलीकडे जातात. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे रझाकारांशी लढताना हुतात्मा होतात.

२१ जून. तडजोडीसाठी महिनोन् महिने झटलेले गव्हर्नर जनरल माउंटबॅटन भारत सोडतात. तडजोड झालेली नाही.

२१ ऑगस्ट. हैदराबाद संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार करते. दुसऱ्याच दिवशी, २२ ऑगस्टला, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून होतो. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते लिहीत होते. मारेकऱ्यांनी त्यांचे हात तोडले. रझाकारांच्या विरोधात मुसलमानही उभे होते याचा याहून मोठा पुरावा नाही. पुढच्या महिन्यात तो कोणी ध्यानात ठेवला नाही.

७ सप्टेंबर. नेहरू जाहीर मागणी करतात: रझाकार संघटना मोडा, भारतीय फौजेला सिकंदराबादेत परत येऊ द्या. निजामाचे सरकार ऐकत नाही.

११ सप्टेंबर, रात्री १०.२०. ज्यांच्या पाकिस्तानकडून हैदराबादला आधाराची आशा होती, त्या जिनांचा कराचीत मृत्यू.

१३ सप्टेंबर, पहाटे ४. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची फौज सोलापूरकडून आत शिरते. पहिल्या दोन तासांत नळदुर्ग हाती येते. उत्तरेकडून वऱ्हाडातल्या तुकड्या पैनगंगेकाठचे कन्हेरगाव घेतात. तिथून हिंगोली जवळच आहे. रझाकारांचा दरारा ओसरू लागतो. ज्यांनी तो सोसला त्यांच्यासाठी ही सुटका आहे आणि ती सुटका खरी आहे.

१५ सप्टेंबर. जालना हाती आले आहे. रणगाडे सडकेने पुढे जातात. सडकेपासून आत असलेल्या गावांतून जुनी सत्ता निघून गेली आहे आणि नवी अजून पोहोचलेली नाही. पाटील आहे, पण त्याच्या पाठीशी कोणी नाही. धोक्याची सूचना हीच होती.

१६ सप्टेंबर, पॅरिस. सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादचा विषय येतो. तो कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा या बाजूने ८ मते पडतात, विरोधात एकही नाही, ३ तटस्थ. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार, हैदराबादतर्फे मोईन नवाझ जंग. पुढची बैठक २० तारखेला ठरते.

१७ सप्टेंबर, सायंकाळी ५. निजाम युद्धबंदी जाहीर करतो. ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून ओळखली जाणारी ही मोहीम ४ दिवस १३ तास चालली.

१८ सप्टेंबर. निजामाचे सेनापती जनरल अल इद्रूस चौधरींपुढे शरण येतात. चौधरी लष्करी प्रशासक होतात. शहरात कारभार सुरू होतो.

इथून पुढे तास कोणी मोजले नाहीत.

हद्दीपलीकडे गेलेली माणसे परतत होती. त्यांची घरे जळालेली होती, नातलग मारले गेले होते. फौजेच्या मागून हत्यारबंद टोळ्याही आल्या. सूड उगवला गेला तो सामान्य मुसलमानांवर. त्यांतल्या बहुतेकांचा रझाकारांशी संबंध नव्हता. पुरुष मारले गेले, बायकांवर अत्याचार झाले, घरे लुटली गेली.

२० सप्टेंबर. सुरक्षा परिषद पुन्हा बसते. काही दिवसांत निजाम तक्रार मागे घेतो. जगाच्या दृष्टीने प्रश्न मिटला आहे.

२९ नोव्हेंबर. ‘जैसे थे’ कराराला बरोबर एक वर्ष. याच दिवशी भारत सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती या हिंसेची पाहणी करायला संस्थानात दौरा सुरू करते. २१ डिसेंबरपर्यंत ती १६ पैकी ९ जिल्हे फिरते, १०९ गावांतल्या ५०० हून अधिक लोकांशी बोलते. समितीचा सावध अंदाज: २७,००० ते ४०,००० मृत्यू. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि हिंगोलीला खेटून असलेला नांदेड या चार जिल्ह्यांतच किमान १८,०००. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही सामील होते, असे अहवाल सांगतो. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सहकाऱ्यांना वाचवले, हेही त्याच अहवालात आहे.

सरकारने अहवाल छापला नाही. २०१३ मध्ये तो दिल्लीतल्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचायला मिळू लागला.

रझाकारांचे दिवस आणि ‘पोलीस ॲक्शन’ दोन्ही पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. हिंगोलीत, कळमनुरीत, वसमतला, औंढ्याला आणि सेनगावात १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन झाले की त्यांच्याकडे जा. १८ तारखेपासून गावात काय झाले, ते विचारा आणि लिहून घ्या.