लेहची प्रदक्षिणा: आधी मनाली की आधी श्रीनगर?

मे महिना सरत आला, की आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी माजी विद्यार्थी उत्तरेचा नकाशा घेऊन उगवतो. मोटरसायकल रेल्वेने पुढे धाडायची, मनाली, लेह आणि श्रीनगर असे वर्तुळ पुरे करायचे आणि पंधरवड्यात परत कामावर रुजू व्हायचे, हा बेत पक्का झालेला असतो. उरतो तो एकच प्रश्न. 'सर, आधी मनाली की आधी श्रीनगर?' आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. तरी हा प्रश्न आमच्याकडे येतो, कारण या वर्तुळात आम्ही एकदा चुकीच्या बाजूने शिरलो होतो. ती हकीकत पुढे येईलच.

बहुतेकांचा निर्णय गाडीचे पार्सल जम्मूला उतरते की चंडीगढला, यावरच होऊन जातो. त्यांना हसण्यात अर्थ नाही. गेल्या पाचशे वर्षांत लेहला जाणाऱ्यांनी वाट निवडली ती अशाच बाहेरच्या कारणांनी.

विल्यम मूरक्रॉफ्टचे उदाहरण घ्या. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बिहारमधील घोडपैदास केंद्राचा प्रमुख. उत्तम घोडे मिळवण्याच्या ध्यासाने बुखाऱ्याकडे निघाला आणि १८२० साली कुलूहून रोहतांग ओलांडून, लाहौल व बारालाचामार्गे सप्टेंबरात लेहला पोचला. तेथे दोन वर्षे रमला आणि १८२२ साली द्रासवरून काश्मीरात उतरला. म्हणजे आजचे मोटरसायकलस्वार ज्याला 'मनालीकडून' म्हणतात, ती फेरी त्याने दोनशे वर्षांपूर्वी पुरी केली होती. याच्या शंभरेक वर्षे आधी, १७१५ मध्ये, इप्पोलितो देसिदेरी हा जेझुइट पाद्री उलट बाजूने, श्रीनगरहून झोजी ला चढून लेहला गेला होता. त्याला सुमारे चाळीस दिवस लागले.

पुढे जकातीचे राजकारण आले. कुलू आणि लाहौल १८४६ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते, तर काश्मीर आणि लडाख डोग्रा महाराजांकडे. यारकंदचा व्यापार काश्मीरच्या जकातनाक्यांना वळसा घालून आपल्या मुलखातून यावा, ही इंग्रजांची इच्छा. १८७० साली महाराजा रणबीरसिंग यांच्याशी झालेल्या तहात लाहौलच्या सीमेवरून मध्य आशियाकडे जाणारी करमुक्त व्यापारी वाट मान्य करून घेतली गेली, ती याच हेतूने. वाट कोणती बरी, हे श्वासापेक्षा पैशाने ठरत होते.

मग उंचीचा त्रास तेव्हा नव्हता काय? होता, आणि त्याला नावही होते. यारकंदच्या बाजूने लडाखात उतरलेल्या मिर्झा हैदर दुघलातने 'तारीख-ए-रशीदी'मध्ये 'दमगीरी'चे वर्णन केले आहे. दम धरणारी, श्वास पकडणारी ती दमगीरी. (मराठीत दमा आणि धाप आहेत, पण असा नेमका शब्द नाही, याची आम्हाला थोडी खंतच वाटते.) त्याचा धनी सुलतान सईद खान १५३३ साली परतीच्या वाटेवर याच दमगीरीने दगावला. परंतु कुलू-लेह किंवा श्रीनगर-लेह या वाटांवर तट्टांचा आणि हमालांचा वेगच असा होता, की शरीराला उंचीची सवय आपोआप होत जाई. मूरक्रॉफ्टला रोहतांगहून लेह गाठायला महिन्याहून अधिक काळ लागला. एवढ्या सवडीने चालणाऱ्या माणसाला दिशा कोणतीही चालते.

दिशेचा प्रश्न जिवावरचा झाला तो वेगामुळे, आणि तो वेग प्रथम लष्कराने आणला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या फौजेने झोजी लावर स्टुअर्ट रणगाडे चढवले आणि लेहची वाट मोकळी केली. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास सपाटीवरचे हजारो जवान विमानांनी आणि ट्रकांनी थेट लडाखच्या उंचीवर पोचवले गेले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला पर्वतीय आजारावरील शोधनिबंध १९६९ साली प्रसिद्ध केला. तो आजही या विषयातील पायाभूत लेखनात गणला जातो. १९९९ मध्ये तोलोलिंगच्या माथ्यावरून श्रीनगर-लेह महामार्ग तोफांच्या टप्प्यात आला आणि मनालीकडची वाट किती मोलाची आहे, हे सर्वांनाच उमगले.

आता नकाशाऐवजी उंचीचे आकडे पाहू. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर. पहिल्या दिवशी झोजी लाचे साडेतीन हजार मीटर चढून माणूस कारगिलला झोपतो, म्हणजे पुन्हा २,७०० च्या आत. दुसऱ्या दिवशी फोतू ला ४,१०० मीटर, आणि मुक्काम लेहला, साडेतीन हजारांवर. उंच चढावे, खाली निजावे, हा गिर्यारोहकांचा नियम येथे रस्ताच पाळून देतो. (लेहला मात्र दोन दिवस स्वस्थ पडून राहावेच लागते.) उलट मनाली दोन हजारांवर आणि सरचूचे तंबू सुमारे ४,३०० मीटरवर. तीन हजारांच्या वर रोज निजण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असे वैद्यक सांगते. येथे एका दिवसात ती सव्वादोन हजारांनी वाढते. पूर्वी रोहतांगच्या चिखलात दिवस जाई, आणि दमलेला माणूस नाइलाजाने केलाँगला थांबे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. रस्ता ४६ किलोमीटरने आणि काही तासांनी कमी झाला, त्याबरोबर तो सक्तीचा मुक्कामही गेला. बोगद्याची उपयुक्तता कोण नाकारील? पण सरचू त्यामुळे अधिक धोक्याचे झाले, असे आमचे मत आहे.

पाण्याचेही गणित आहे. बारालाचाच्या दक्षिणेचे नाले बर्फ वितळू लागले की दुपारनंतर फुगतात. मनालीहून सकाळी निघालेला स्वार तेथे नेमका दुपारी पोचतो. सरचूहून पहाटे उतरणाऱ्याला ते बरेच शांत सापडतात. शिवाय श्रीनगरहून जाताना आपण पूर्वेकडे चाललेलो असतो, तेव्हा तिसऱ्या प्रहरी ऊन पाठीवर आणि लामायुरूचे पिवळे डोंगर समोर उजळलेले. सौंदर्याचा हा मुद्दा आम्ही दुय्यम मानतो, पण मानतो.

पठाणकोट, श्रीनगर, लेह, मनाली हा क्रम घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जातो, म्हणजे ही प्रदक्षिणाच झाली. एका हौशी मित्राने यातून शास्त्रार्थ काढला होता. पण लडाखातील मणी-भिंतीशी पायवाट दुभंगते, ती येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला, दोघांनाही भिंत उजव्या हाताला ठेवता यावी म्हणून. दिशेबद्दल ती कुणाचीच बाजू घेत नाही.

२००६ साली, नोकरीत नवखे असताना, आम्ही तिघे मनालीहून निघालो. केलाँगला थांबण्याचे ठरले होते. पण ऊन होते, गाड्या नीट चालत होत्या, आणि पुढे जाण्याचा मोह झाला. सरचूला पोचेपर्यंत तिसऱ्या सोबत्याचे डोके ठणकू लागले होते. रात्री उलट्या झाल्या. पहाटे तो बूट घालताना तोल जाऊन पडला आणि आपण कोठे आहोत, हे दोनदा विचारू लागला. आम्ही म्हटले, लवकर लेह गाठू, तेथे इस्पितळ आहे. तंबूवाल्या बाईंनी आमच्याकडे पाहिले आणि हाताने आधी उत्तरेकडची, मग दक्षिणेकडची वाट दाखवली. लेहकडे जाताना पाच हजारांवरील दोन खिंडी आडव्या होत्या, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला. आणि मागे एकटी बारालाचा, ४,९०० मीटरच्या आसपास. ती ओलांडली की सारा उतार.

गाड्या तेथेच ठेवल्या. खाली जाणाऱ्या एका ट्रकचालकाने मित्राला पुढच्या आसनावर घेतले. जिस्पाच्या अलीकडे त्याने चहा मागितला आणि केलाँगला पोचताच आपली गाडी कोठे आहे, म्हणून आमच्यावर चिडला.