बँक विचारते, ‘हे पैसे कुठून आले?’

मनोरीची बोट मार्वेला लागते, पुढे मालवणी आणि मालाड. या पट्ट्यातला बराच व्यवहार आजही रोखीतच चालतो. मासळीची विक्री, रिक्षाची कमाई, शिलाईकाम, खोलीचं भाडं. त्यातून साठवलेली रक्कम कुणी बँकेत नेली की काउंटरवरून सवाल येतो, ‘हे पैसे कुठून आले?’ आपल्यापैकी अनेकांना वाटतं, नाव बघूनच विचारलं. विचारण्याची तऱ्हा कधी कधी अपमानाची असते, हे आम्ही नाकारत नाही. पण सवाल कायद्यातून आलेला आहे आणि तो सर्वांनाच लागू आहे.

हा कायदा म्हणजे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२. तो १ जुलै २००५ पासून अमलात आला. १० लाखांवरच्या रोख व्यवहाराची माहिती बँकेला केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला द्यावीच लागते. म्हणून काही जण रक्कम तुकड्यांत भरतात. ही शक्कल उलटी पडते. एकाच महिन्यातले, एकमेकांशी जोडलेले छोटे भरणे मिळून १० लाखांच्या वर गेले तर तेही कळवले जातात. संशयास्पद व्यवहाराला तर रकमेची मर्यादाच नाही, आणि असा अहवाल पाठवला हे ग्राहकाला सांगायला बँकेला मनाई आहे.

मात्र बहुतेक वेळा घोळ जुन्या फॉर्ममध्ये असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी खातं उघडताना एजंटने ‘वार्षिक उत्पन्न ५० हजार’ लिहिलं, आपण सही केली आणि विसरलो. आज त्याच खात्यात चार लाख आले की संगणकच इशारा देतो. केवायसी नवी करताना धंदा आणि उत्पन्न खरं लिहावं, एवढ्यानेच निम्मा त्रास कमी होतो.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. व्याज नको म्हणून पैसा वर्षानुवर्षे पेटीत राहतो आणि हजच्या किंवा लेकीच्या निकाहच्या वेळी एकदम बाहेर येतो. रक्कम हलाल असते, पण कागद नसतो. (करंट खात्यावर व्याज मिळत नाही, हे अनेकांना माहीतच नाही.) भिशीची वही, सोनं विकल्याची सोनाराची पावती, भाडेकरार, मासळीच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी, हे सगळं त्या त्या दिवशीच जपून ठेवावं. अब्बांनी मुलाला पैसे दिले तर साध्या कागदावर हिबानामा लिहून दोघांनी सही करावी. शरियतमध्ये तोंडी हिबा चालतो, काउंटरवर नाही. आखातातून येणारे पैसे बँकेमार्फतच मागवावेत. हुंडीने आले तर ते कुठले, हे दाखवायला हातात काहीच राहत नाही, वर परकीय चलनाच्या कायद्याचा भंग होतो तो वेगळाच.

आणि कुणालाही आपलं खातं वापरायला देऊ नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावचं प्रकरण गाजलं. तिथल्या एका सहकारी बँकेच्या शाखेत साध्या घरातल्या तरुणांच्या नावावर खाती उघडून १०० कोटींहून जास्त रक्कम फिरवल्याचा आरोप झाला आणि ईडीने छापे टाकले. निवडणुकीच्या दिवसांत त्याला धार्मिक रंग चढवला गेला, पण ज्यांच्या नावावर खाती होती त्यांत हिंदू मुलंही होती. कामाच्या आमिषाने आधार आणि पॅन देऊन बसलेल्या मुलांना तपासयंत्रणांसमोर जाब द्यावा लागला. ‘दोन-चार हजार मिळतील, फक्त खातं दे’ म्हणणारा भाईजान त्या वेळी सोबत नसतो.

धर्माचा सवाल मात्र वेगळा. डिसेंबर २०१९ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की भारतीय नागरिकाला खात्यासाठी किंवा केवायसीसाठी धर्म सांगायची गरज नाही. तरी पुढच्याच महिन्यात तमिळनाडूतल्या कायलपट्टणममध्ये, एका बँकेच्या जाहिरातीत केवायसीच्या कागदांमध्ये एनपीआरचं नाव दिसल्यावर, लोकांनी घाबरून खात्यातले पैसे काढले.

खातं अडवलं गेलं तर काउंटरवर वाद घालू नये. कारण आणि हवे असलेले कागद लेखी मागावेत, आपला अर्ज देऊन पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८.