एकच जीन, दोन आजार? डीएनए किट मागवण्याआधी हे वाचा

मी नंदुरबार जिल्ह्यातला. आजी विसरायला लागली, तेव्हा आत्तेभावाने विचारलं, "ऑनलाइन डीएनए किट मागवू का? अल्झायमर आपल्यालाही होणार का ते कळेल."

त्याला असं वाटणं साहजिक आहे. आमच्याकडे जीन म्हणजे सिकलसेल. रक्त तपासलं की रिपोर्ट येतो: नॉर्मल, वाहक (एएस) किंवा ग्रस्त (एसएस). एचबीबी जीनमधलं एकच अक्षर बदलतं, आणि आई-वडील दोघांकडूनही ती बदललेली प्रत आली की आजार होतो. हिशोब सरळ आहे.

मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात त्या आजारांत मात्र हिशोब असा नसतो. एकच जीन अनेक आजारांत सापडतो:

• सी९ओआरएफ७२: यातला दोष 2011 मध्ये सापडला. सहा अक्षरांचा तुकडा शेकडो वेळा रिपीट होतो. एकाच घरात कुणाला एएलएस होतो (स्नायू कमजोर होतात), तर कुणाला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (वागणं-बोलणं बदलतं).

• जीबीए१: दोन्ही प्रती बिघडल्या तर गौचर हा आजार होतो. एकच बिघडली तर पार्किन्सन आणि लुई बॉडी डिमेन्शियाचा धोका वाढतो. तरी बहुतेक वाहकांना पार्किन्सन होत नाही.

• एपीओई: याच्या ई४ प्रकारामुळे अल्झायमर आणि लुई बॉडी डिमेन्शिया, दोन्हींचा धोका वाढतो.

असं का होतं? फोनचं स्टोरेज भरलं की कुणाचा कॅमेरा अडतो, कुणाचं व्हॉट्सॲप. मूळ अडचण एकच. पेशीतही तसंच. जीबीए१ बिघडला की पेशीची कचरा साफ करणारी यंत्रणा मंदावते आणि नको ते प्रथिन साचतं. ते मेंदूच्या कोणत्या भागात साचतं, त्यावर लक्षणं ठरतात.

मग किटचं काय? ई४ असूनही अनेकांना अल्झायमर होत नाही, आणि नसतानाही होऊ शकतो. शिवाय धोक्याचे आकडे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून आलेत. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे 10,000 भारतीयांचे जीनोम वाचलेत, पण ही सुरुवात आहे.

म्हणून मी भावाला सांगितलं, "किट राहू दे, आधी आजीला डॉक्टरकडे ने." बी-12 ची कमतरता किंवा थायरॉइडमुळेही विसरभोळेपणा येतो, आणि त्यावर उपचार आहेत. घरात कमी वयात असे आजार अनेकांना झाले असतील, तर टेस्टआधी जेनेटिक समुपदेशकाशी बोला.

थोडक्यात: सिकलसेलचा रिपोर्ट निदान सांगतो, ई४ चा रिपोर्ट फक्त शक्यता.