नायट्यावर मलम: चिठ्ठीशिवाय नको

नायटा, ज्याला आपण घरात दाद म्हणतो, हा बुरशीचा आजार. घाम, ओले घट्ट कपडे आणि एकच टॉवेल यामुळे तो घरभर पसरतो. दिंद्रुड परिसरात ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावे.

मेडिकलवर नुसती ‘खाजेची ट्यूब’ मागितली की दोन दिवसांत आराम पडतो. पण अशा अनेक ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असते. ते खाज दाबते, बुरशी मात्र वाढतच राहते. ट्यूब थांबवली की नायटा आणखी पसरतो, कातडी पातळ होऊन पट्टे पडतात. म्हणूनच 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमे शेड्यूल एचमध्ये घातली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत.

आपण एवढे करू या:

- ट्यूबवरची नावे वाचू या.
- बोटाच्या टोकाच्या पेराएवढी मलमाची रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.
- खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करू या.
- चेहरा, जांघ आणि लहान मुलांना विचारल्याशिवाय लावायचे नाही.
- आधी वापरलेली ट्यूब डॉक्टरांना दाखवू या.
- घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांनी एकत्र उपचार घ्यावेत.