तटाच्या चित्रातील शिपाई

इंग्रज अंमलदारांनी एकोणिसाव्या शतकात शाईने रेखाटलेली फौजांची चित्रे पाहताना आम्हांस आपल्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, स्मरण होते. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंद्यांच्या ताब्यातील नगरची पेठ शिड्या लावून घेतली. १२ तारखेस किल्लाही गेला. त्या फौजेत मद्रास पलटणीचा जेम्स वेल्श होता. १८३० साली त्याने आपल्या आठवणी छापल्या व त्यांत नव्वदांहून अधिक चित्रे घातली.

हा निव्वळ छंद नव्हे. तट, खंदक, वाटा टिपणे हे लष्करी कामच होते. कंपनीने १८०९ मध्ये इंग्लंडात अ‍ॅडिस्कम येथे काढलेल्या विद्यालयात चित्रकला शिकवीत असत. म्हणूनच अशा चित्रांत तट ठसठशीत आणि शिपाई बहुधा दोन रेघांचा, तटाची उंची कळावी एवढ्यापुरता!

पेठेच्या तटावर आतून पाय ठेवण्यास जागा नव्हती. शिडीने वर पोचलेला मनुष्य माथ्यावरच अडके. त्या गर्दीतील कॉलिन कॅम्बेल या गोऱ्या अंमलदाराचे नाव इतिहासाने जपले. मद्रासी शिपाई, बापू गोखल्यांचे स्वार, तटाआडचे शिंद्यांचे लोक यांची नावे कोठे शोधावीत?

असलीच तर ती आपल्याच घरांतील मोडी दप्तरांत. माळ्यावर असा रुमाल असल्यास सभासदांनी तो रद्दीत न घालता आम्हांस दाखवावा. जाणकाराकडून वाचवून घेऊन मूळ कागद जसाच्या तसा परत करू.