डीसीला हलवायचं कसं? फॅरेडे, मुंबई लोकल आणि एक मुकी रात्र

द्वारकेहून बोलतोय. ३१ डिसेंबर २००५ रोजी बाराखंबा रोडपासून आमच्या द्वारकेपर्यंत मेट्रो सुरू झाली. तिच्या तारेत २५ हजार व्होल्टचा एसी आहे. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला गेली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. मुंबई लोकलचा डीसी पुरता जायला २०१६ साल उजाडलं.

दोन्हींत फरक का? मेट्रोच्या डब्याखाली ट्रान्सफॉर्मर बसवून व्होल्टेज उतरवता येतं. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून तारेतच कमी व्होल्टेज ठेवायचं. मग करंट जास्त, तारा जाड आणि सबस्टेशनं जवळजवळ.

याचं मूळ २९ ऑगस्ट १८३१ ला सापडतं. फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या घातल्या. एकीला बॅटरी जोडली, की दुसरीकडची सुई हलायची. तोडली, की पुन्हा हलायची. मधल्या वेळात सुई स्वस्थ. ट्रान्सफॉर्मरला बदल लागतो.

मग बॅटरीवरचा रेडिओ कसा चालवायचा? १९३० च्या दशकातल्या मोटारींच्या रेडिओत थरथरणारी पट्टी बसवली. ती डीसी सतत जोडायची-तोडायची. पुढे ते काम ट्रान्झिस्टरच्या जोडीकडे आलं: एक सुलट ढकलतो, दुसरा उलट.

इथे एक पथ्य आहे. सुलट बाजूने जितकं व्होल्टेज जितका वेळ दिलं, तितकंच उलट बाजूनेही द्यायला हवं. नाहीतर दर फेरीत थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं आणि साचत जातं. गाभा भरला, की गुंडाळी म्हणजे नुसती तार. करंट उसळतो, ट्रान्झिस्टर जळतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, शिकलो मात्र १९८० च्या दशकात, एका डोंगरी चौकीवर. वायरलेस सेटच्या कन्व्हर्टरमधला एक ट्रान्झिस्टर गेला. हाताशी होता तो सुटा बसवायला मी सांगितलं. जोडी जुळते का, पाहिलं नाही. अर्ध्या तासात जळका वास आला. सहा जवान गस्तीवर होते आणि रात्रभर त्यांच्याशी संपर्क नाही. सकाळी सगळे सुखरूप परतले. आमचे जुने हवालदार एवढंच म्हणाले, "साब, जोड़ी एक साथ बदलते हैं."

आता अनेक कन्व्हर्टरमधली चिप दर ठोक्याला करंट मोजते आणि वाढला की तिथेच तोडते. तुमच्या मोबाइलच्या चार्जरमध्ये असे ठोके सेकंदाला लाखभर पडू शकतात. ठोका आखूड, म्हणून चुंबकत्व थोडंच चढतं आणि बोटाच्या पेराएवढा फेराइटचा गाभा पुरतो. वेग कितीही वाढो, पथ्य तेच: चढवलेलं उतरवायचं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!